लेझीम व्यायामात धरत नाहीत

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. यंदाच्या प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, इतर सगळ्या मुलींच्या देखत.

सोळा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाची निवड होती. खेळून दाखवायचं ते आदल्या आठवड्यात झालं होतं आणि त्यात ती निवडली गेली होती. उरली होती फक्त तब्येतीची तपासणी. हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावून एक टेबल, टेबलावर मशीन. मुली एकेक करून आत जात होत्या, हातापायांना चिमटे आणि छातीला वायरी लावून घेत होत्या, कागद निघत होता. बहिणीचा कागद निघाला तेव्हा तिथल्या माणसाने तो उजेडाकडे धरला आणि पडद्याच्या बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “हिचं हार्ट बरोबर नाही. हिला बाजूला बसवा. पुढची.”

मी तिच्याबरोबर गेले होते, कारण आईला कॅन्टीनमधून सुट्टी मिळाली नव्हती. मी पुढे झाले. विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? तो म्हणाला, नाही, डॉक्टर दुपारी येतील. मग तुम्हाला काय कळलं? त्याने कागदाचा वरचा कोपरा दाखवला. मशीननेच इंग्रजीत छापलं होतं की हा आलेख सर्वसाधारण नाही. असं छापून आलं की त्या मुलीला बाजूला बसवायचं, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. तो वाईट माणूस नव्हता, आणि मला तेच जड गेलं. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

बहीण बाकावर बसून बूट काढत होती. रडली वगैरे नाही. गोंधळली होती. हळूच मला म्हणाली, “ताई, पण माझी नाडी तर सगळ्यांत स्लो आहे ना? मग?”

तिचा हा प्रश्न कळायला आमचे मास्तर माहीत असावे लागतात.

मास्तर पोस्टातून रिटायर झालेले. डिलाईल रोडला आमच्या चाळीमागच्या मैदानावर ते कित्येक वर्षं पोरांना पहाटे पळवतात. फी नाही, बोर्ड नाही. त्यांचं शिक्षण एकच: लांब पळा, हळू पळा. मैदानाला फेऱ्या मारायच्या, मारतच राहायच्या, आणि पळता पळता शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलता येईना झालं की पाय हळू करायचा. “आधी छाती तयार होऊ दे, बॉल काय पळून जातोय?” असं ते म्हणायचे. आणि दर रविवारी सगळ्यांना मांडी घालून बसवायचे, घड्याळ काढायचे आणि एकेकाचं मनगट धरायचे. ज्याची नाडी सगळ्यांत संथ, त्याला केळं. माझ्या बहिणीने दोन वर्षं बहुतेक रविवारी ते केळं घरी आणलं आहे. आमच्याकडे संथ नाडी म्हणजे बक्षीस. तिने त्या टेबलावरच्या माणसालाही आधी अभिमानाने सांगितलं होतं म्हणे, माझी नाडी बघा, सगळ्यांत स्लो आहे.

आता दुसरी बाजू. गेल्या वर्षीच्या जूनपासून ती संध्याकाळी लोअर परळच्या टर्फवर जात होती. जुन्या मिलच्या आवारात, जाळी लावलेलं हिरवं प्लॅस्टिकचं मैदान. तिथला कोच तरुण, कुठला तरी कोर्स करून आलेला, गळ्यात शिट्टी. त्याची पद्धत अगदी उलटी. शिट्टी वाजली की जीव तोडून पळायचं, पुन्हा वाजली की चालायचं, श्वास जागेवर येतोय न येतोय तोवर पुन्हा शिट्टी. मध्ये रबरी पट्टे पायाला बांधून ओढायचे, जोर काढायचे. तो पोरींना म्हणायचा, “बोलता येतंय? म्हणजे तू पळतच नाहीयेस.”

सकाळी बोलता आलं पाहिजे, संध्याकाळी बोलता आलं नाही पाहिजे. माझी बहीण दोन्ही इमानदारीत करत होती. मास्तरांना तिने टर्फचं सांगितलं नव्हतं, कारण त्यांना वाईट वाटेल. कोचला मैदानाचं सांगितलं नव्हतं, कारण तो हसेल. आणि घरी आम्हाला दोन्ही माहीत होतं, पण आमच्या हिशेबी दोन क्लास लावणं म्हणजे दुप्पट हुशारी. गणिताला लावतो तसंच.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून तेच करते आहे. मैदान वाचवा, चाळीच्या पुनर्विकासात भाडेकरूला फसवू नका, पाणी द्या. पत्रकाची एक रीत असते. वर ज्याच्यावर अन्याय झाला तो, मग ज्याने केला तो, शेवटी मागणी. हॉलमधून घरी आल्या आल्या मी लिहायला बसले. “शिट्टीच्या तालावर पोरींची हृदयं फोडणारी टर्फ संस्कृती बंद करा!” असा मथळा घातला. कोच डोळ्यांसमोर होताच. तासाला पैसे घेणारा, प्लॅस्टिकवर पळवणारा. मला तो गुन्हेगार म्हणून छान बसत होता.

तेवढ्यात आई आली. तिने मथळा वाचला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “त्या पोराने काय केलं ते तुला ठाऊक आहे का? की मशीनला ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं. म्हणून आम्ही परळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेलो.

हृदयाच्या विभागातल्या डॉक्टर मॅडम मध्यमवयीन, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी बहिणीला कुशीवर झोपवलं, छातीवर जेल लावलं आणि स्क्रीनवर आम्हाला तिचं हृदय दाखवलं. मी पहिल्यांदाच कोणाचं हृदय चालताना पाहिलं. ते कोणासाठीही न थांबता आपलं काम करत होतं. बहिणीने मान वळवून पाहिलं आणि विचारलं, हे माझंच ना?

मॅडमनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. रोज लांब पळणाऱ्या मुलांचं हृदय आतून जरा ऐसपैस होतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून बसल्या जागी ठोके कमी पडतात. मास्तरांचं केळं मिळतं ते याच कारणाने. जोर काढायचा, ओढायचं, ढकलायचं काम केलं की हृदयाच्या भिंतीवर दाब येतो आणि ती जाड होऊ शकते. थांबत थांबत जोरात पळण्याने दम वाढतो आणि त्याचाही असर हृदयावर होतो. फुटबॉलमध्ये हे सगळंच थोडं थोडं असतं. यात वाईट काही नाही, उलट बहुतेक मुलांना याचा फायदाच होतो. पण हृदयाचे काही आजार असे असतात की त्यांतही भिंत जाड होते, आलेखाच्या लाटा उलट्या होतात. आणि मधल्या एका पट्ट्यात कसलेलं हृदय आणि आजारी हृदय कागदावर सारखंच दिसतं. माझी बहीण त्या पट्ट्यात होती. तिची भिंत जराशी जाड होती.

“म्हणजे कोणत्या ट्रेनिंगने झालं?” मी विचारलं. मला नाव हवं होतं.

“ट्रेनिंगने झालं की नाही तेच आधी ठरायचंय,” मॅडम म्हणाल्या. “त्यात ती वाढीच्या वयात आहे, हृदय तसंही वाढतंय. आणि या वयाच्या खेळणाऱ्या मुलींचे आलेख आमच्यासमोर फार कमी येतात. जे वाचतो ते बहुतेक मुलग्यांचं असतं. मला माहीत नाही.”

मी आजवर सरकारी टेबलांवर खूप काही ऐकलं आहे. उद्या या, साहेब नाहीत, फाईल वर गेलीय. पण टेबलामागच्या माणसाने सरळ तोंडावर ‘मला माहीत नाही’ म्हणावं, हे मी प्रथमच ऐकत होते. त्यावर काय घोषणा द्यायची असते, मला सुचेना.

मग त्यांनी उपाय सांगितला. तीन महिने सगळं थांबवायचं. ट्रेनिंगने झालं असेल तर भिंत हळूहळू पूर्ववत होईल. आजार असेल तर होणार नाही. मग कळेल.

बहिणीने ते ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे मी चांगली आहे हे कळायला आधी मला वाईट व्हायला लागणार.”

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, थोडंफार तसंच. आणि सांगितलं: धावणं बंद, बॉल बंद, टर्फ बंद, शाळेची पीटी बंद. जिना चढायला हरकत नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा निवड असते. या वयोगटात ती तिची शेवटची. तोवर डॉक्टरांचं ‘खेळू शकते’ मिळालं तर मिळालं. सगळं तिथे अडकलं होतं आणि अजून तिथेच अडकलं आहे.

आम्ही मॅडमचं बोलणं अक्षरशः पाळलं. बूट माळ्यावर गेले. शाळेला पीटीचं कळवलं. मास्तरांना मी सांगितलं, त्यांनी ऐकून फक्त मनगटावरचं घड्याळ फिरवलं. चाळीतल्या तिच्या मैत्रिणी पहिले काही दिवस हळव्या झाल्या, मग त्यांनी तिचं नाव ‘पेशंट’ ठेवलं. गॅलरीतून हाका यायच्या, “ए पेशंट, खाली ये, नुसतं बघायला ये.” ती जायची नाही. संध्याकाळी, टर्फवर जायच्या वेळेला, ती दारात उंबऱ्याला पाठ लावून बसायची. काही करायची नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने काहीच न करणं हे बघायला फार विचित्र असतं.

मार्च लागला आणि चाळीत जयंतीची तयारी सुरू झाली. एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या चाळींचं मुलींचं लेझीम पथक असतं. आईने तरुणपणी तेच पथक चालवलेलं. अजूनही ताल चुकला की ती तिसऱ्या मजल्यावरून ओरडते. एका संध्याकाळी तिने दारात बसलेल्या पोरीकडे पाहिलं, आत जाऊन स्वतःची जुनी लेझीम काढली, तेल लावून साखळी मोकळी केली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

मी विचारलं, चालेल का? आई म्हणाली, “बॉल बंद सांगितलाय. जयंती बंद करायला कोणी सांगितलंय?”

मलाही ते पटलं. मॅडमनी सांगितलेल्या यादीत लेझीम नव्हतीच. मी मागण्या लिहिणारी बाई. यादीत नाही म्हणजे मनाई नाही, हे आम्ही बिल्डरच्या वकिलालाही सुनावतो. आणि खरं सांगायचं तर कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे व्यायाम म्हणजे बूट घालून करायची गोष्ट. लेझीम निळा फेटा बांधून करतात. तो व्यायाम कसा असेल? ते आपलं असतं.

पोरगी खुलली. रोज संध्याकाळी सरावाला पळायची. लेझीम ज्यांनी खेळली आहे त्यांना माहीत आहे त्यात काय असतं. बसायचं, उठायचं, उडी, गिरकी, पुन्हा बसायचं, हलगीचा वेग वाढत जाणार, आणि ओळीतल्या कोणी थांबायचं नाही. ती पहिल्या ओळीत आली. मिरवणुकीच्या दिवशी दुपारपासून अंधार पडेपर्यंत ती रस्त्यावर होती आणि तिच्या मागच्या पोरी दमून टेम्पोत जाऊन बसल्या तरी ती खेळत होती. आई फुटपाथवरून सगळ्यांना सांगत होती, बघा, काही झालेलं नाही माझ्या पोरीला.

मेमध्ये आम्ही पुन्हा परळला गेलो. मॅडमनी तपासलं, स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं, जुन्या मापाशी ताडून पाहिलं. भिंत किंचित कमी वाटत होती. पण इतकी किंचित की मोजणाऱ्याच्या हाताचा फरक असू शकतो. त्यांनी बहिणीला विचारलं, मधल्या काळात खरंच काही केलं नाहीस ना? ती म्हणाली, काहीच नाही. आई म्हणाली, काहीच नाही मॅडम, बूट माळ्यावर आहेत. मीही मान डोलावली. आम्ही तिघी खरं बोलत होतो.

मॅडमनी नाडी बघायला तिचा हात हातात घेतला आणि उलटा केला. तळव्यावर, बोटांच्या मुळाशी घट्टे होते.

“हे कशाचं?”

“लेझीमचं,” बहीण म्हणाली.

“किती वेळ खेळतेस?”

आईच्या अंगात आलं. तिने सगळं सांगितलं. रोजचा सराव, पहिली ओळ, मिरवणूक, टेम्पोत बसलेल्या बाकीच्या पोरी. सांगता सांगता तिचा आवाज खाली आला. 

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “मी काय बंद करायचं ते सांगितलं. तुम्ही काय काय करता ते विचारलंच नाही.” मग म्हणाल्या, एप्रिलच्या मध्यापासून आत्तापर्यंत जी झाली तेवढीच खरी विश्रांती. तेवढ्यावरून मला काही सांगता येणार नाही. पुन्हा तीन महिने. या वेळी खरंच काही नाही.

बाहेर येऊन आम्ही तिघी हॉस्पिटलच्या फाटकापाशी उभ्या राहिलो. आई सारखी तिचा तळवा चोळत होती, जसं काही घट्टे गेले की सगळं सुरळीत होईल. मला कोणावर तरी चिडायचं होतं. आईवर चिडू? तिने पोरीला जिवंत केलं होतं. मॅडमवर? जयंतीवर?

मग मी एक केलं, जे जानेवारीतच करायला हवं होतं. मास्तरांना आणि कोचला मैदानाबाहेरच्या चहावाल्याच्या बाकावर आणून बसवलं. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. दोघांची मैदानं चालत दहा मिनिटांवर आहेत.

सुरुवात वाकडीच झाली. मास्तर म्हणाले, पोरांना शिट्टीवर पळवणं हे घोड्यांचं काम आहे. कोच म्हणाला, काका, मॅचमध्ये कोणी मैदानाला फेऱ्या मारत नाही. मास्तर म्हणाले, लहान वयात पाया घालायचा असतो. कोच म्हणाला, थोड्या वेळात तेवढाच दम वाढतो, पोरांना शाळा पण असते. मी दोघांचं ऐकत होते आणि मला दोघांचंही पटत होतं. अशा वेळी पत्रक लिहिणाऱ्या माणसाची अवस्था वाईट होते.

मग कोच सहज म्हणाला, “खरं सांगू? मला वाटायचं मुलगी टॅलेंटेड आहे पण आळशी आहे. संध्याकाळी पाय उचलायची नाही.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “आळशी? ती सकाळी पेंगायची म्हणून मी तिला जास्तीची फेरी द्यायचो.”

“मी जास्तीचे स्प्रिंट द्यायचो.”

मास्तरांनी विचारलं, सुट्टी कधी देता? कोच म्हणाला, रविवारी, रेस्ट सांगितलीच आहे त्यांना. मास्तरांचा रविवार म्हणजे नाडीचा दिवस, त्या दिवशी फेऱ्या जास्त. त्यांची सुट्टी गुरुवारी. कोचचा गुरुवार म्हणजे रबरी पट्टे. दोघांनीही सुट्टी दिली होती. तिला एकही मिळाली नव्हती.

आता इथे मी लिहू शकते की सापडलं, हेच कारण. नाही. मॅडमना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, चांगलं केलंत, विश्रांती हा ट्रेनिंगचाच भाग असतो, पण यामुळे भिंत जाड झाली असं मी म्हणणार नाही. कदाचित आजार असेल. कदाचित काहीच नसेल, आणि तिचं हृदय फक्त दोन मास्तरांचं आणि एका आईचं ऐकत असेल. टेबलावरच्या त्या माणसाने तिचा अपमान केला की तिचा जीव वाचवला, हेही मला माहीत नाही. त्याने ते सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, एवढं मात्र मी कुठेही शपथेवर सांगेन. त्या हॉलमध्ये तो कागद वाचता येणारं माणूस हजर हवं होतं, हेही.

मथळे मी तीनदा बदलले. पहिल्यात कोच होता, दुसऱ्यात मास्तर, तिसऱ्यात मशीन. तिन्ही खोडले.

सध्या जुलै चालू आहे. बहीण दारात बसते. लेझीम माळ्यावर बुटांशेजारी आहे. मास्तर रविवारी येऊन तिच्याशी बुद्धिबळ खेळतात आणि हात सवयीने तिच्या मनगटाकडे गेला की मागे घेतात. परवा तिने स्वतःच आपली नाडी धरली, मोजली, आणि म्हणाली, “ताई, वाढायला लागली.” चांगली बातमी आहे की वाईट, दोघींनाही कळेना. तिचा चेहरा मात्र केळं हरल्यासारखा झाला होता. ऑगस्टमध्ये पुन्हा परळ.

म्हणून या पत्रकात शत्रू नाही. मागणी आहे, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात खेळणारं पोर असेल, तर सकाळपासून अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ते अंगाने काय काय करतं ते त्याला विचारा. फुटबॉल विचारा, ढोल विचारा, गोविंदाचा सराव विचारा, लेझीम विचारा. ‘तो काय व्यायाम आहे का’ असं म्हणू नका. मग त्याला शिकवणाऱ्या सगळ्यांना, तुमच्यासकट, एका बाकावर बसवा आणि प्रत्येकाकडून एकाच प्रश्नाचं उत्तर घ्या: याची सुट्टी कधी? सगळ्यांचं उत्तर एकच येईपर्यंत कोणालाही उठू देऊ नका. चहा मी पाजते. पण या रविवारी बसवा.